गणपतीच्या मांडवात नवा कार्यकर्ता: डाऊन सिंड्रोम असलेल्या तरुणासोबत काम करताना

मुंबईतल्या अनेक सोसायट्यांत आणि चाळींत डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला गणपतीत एका संध्याकाळी आवर्जून बोलावतात. आरतीचं ताट हातात देतात, फोटो काढतात, पेढा भरवतात. मग उरलेले दहा दिवस तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बाकीच्यांची धावपळ बघतो. कुणाच्याच मनात वाईट नसतं. पण त्याला पाहुणा केलेलं असतं आणि पाहुणा आला नाही तर काही अडत नाही. कार्यकर्ता आला नाही की पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, "अरे, तो कुठाय?" हा प्रश्न ज्याच्याबद्दल विचारला जातो, तो त्या इमारतीचा झाला.

हे घडवायचं कसं, ते इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. वाचणारा कमिटीतला असो, शेजारी असो की अशा कामात पहिल्यांदाच हात घालणारा कॉलेजचा मुलगा, त्याला उपयोग व्हावा. सोळा-सतरा वर्षांपुढचा तरुण डोळ्यांसमोर ठेवला आहे. तरुणी असेल तरी सगळं तसंच लागू.

कामापुरती माहिती

आपल्या पेशीत साधारणपणे ४६ गुणसूत्रं असतात. डाऊन सिंड्रोममध्ये ती बहुतेकदा ४७ असतात, कारण २१ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. फ्रान्समध्ये जेरोम लेजन आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली हे दाखवलं. तिसऱ्या महिन्याची २१ तारीख, म्हणजे २१ मार्च, जागतिक डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळतात, तोही याच हिशेबाने. हा रोग नाही, तो लागत नाही आणि आईवडिलांच्या कुठल्या चुकीने होत नाही. माणूस जन्मतो तोच असा.

मांडवात उपयोगी पडतील अशा चार गोष्टी. एक, त्याला जितकं बोलता येतं त्यापेक्षा बरंच जास्त समजतं, त्यामुळे त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नका. दोन, ऐकलेलं पटकन निसटतं, पाहिलेलं टिकतं. तीन, स्नायू सैल आणि सांधे लवचीक असतात, म्हणून हाताची पकड कमी पडते आणि ताटकळत उभं राहिलं की लवकर दमायला होतं. चार, ऐकू कमी येणं आणि नजर कमी असणं या दोन्ही गोष्टी इतरांपेक्षा जास्त आढळतात. 'लक्ष देत नाही' ही तक्रार पुष्कळदा 'ऐकूच येत नाही' एवढीच असते. तपासणी बरीच वर्षं झाली नसेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेत कान तपासून घेता येतात. हे घरच्यांना सुचवायला लाजू नका.

याउपर प्रत्येक जण वेगळा. एक जण मोबाईलवर भराभर टाइप करेल, दुसरा चार शब्दच बोलेल. कामाची आखणी त्या माणसाकडे बघून करायची.

दोन महिने आधी: घरी जा

जूनच्या शेवटी किंवा जुलैत, मिटिंगा सुरू होतात तेव्हा, त्याच्या घरी जा. पहिला प्रश्न आईला नाही, त्याला विचारा. "यंदा गणपतीत काम करशील का?" असं विचारलंत तर उत्तर 'हो' येईल आणि त्यातून काही कळणार नाही, कारण समोरच्याला खूश करण्यासाठी 'हो' म्हणण्याची सवय बहुतेकांना लहानपणापासून लागलेली असते. दोन पर्याय द्या, शक्य तर फोटोसकट: "फुलांचं काम की पाण्याचं?" तो "पाण्याचं" म्हणाला, तर थोड्या वेळाने उलटा क्रम लावून पुन्हा विचारा: "पाण्याचं की फुलांचं?" काही जण ऐकलेला शेवटचा शब्दच परत म्हणतात. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर ती त्याची निवड.

नंतर घरच्यांना विचारायच्या गोष्टी. हृदयाचा त्रास आहे का? या मुलांपैकी साधारण निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. अनेकांचं ऑपरेशन लहानपणीच झालेलं असतं, पण जिने चढणं आणि वजन उचलणं याबद्दल डॉक्टरांनी काय सांगितलंय ते माहीत हवं. थायरॉईड, औषधांच्या वेळा, पथ्य, चष्मा, कानाचं यंत्र. कशाला घाबरतो, कशाने शांत होतो.

आणि मान. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काही जणांत सैल असतो. त्यामुळे कोलांट्या, शीर्षासन, डोक्यावर भार पडेल असं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दहीहंडीच्या थरात तर अजिबात नको, सर्वांत खालच्या थरातसुद्धा नाही. मान दुखणं, मान एका बाजूला झुकलेली राहणं, चाल बदलणं, हातातली ताकद कमी होणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही नव्याने दिसलं तर काम थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हे सगळं एका कागदावर लिहून दोनच जणांकडे ठेवा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

कमिटीत एखादे काका म्हणतीलच, "कशाला जबाबदारी?" वाद घालत बसू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि डाऊन सिंड्रोम असलेली माणसं त्यात बौद्धिक दिव्यांगत्वाखाली येतात. कलम ५ समाजात राहण्याच्या हक्काचं, कलम २९ सांस्कृतिक जीवनाचं. पण काकांना पटवायला कायद्यापेक्षा कामाची यादी बरी. अमुक काम, अमुक वेळ, सोबत अमुक दोघं, असं लिहून मिटिंगमध्ये ठेवलं की विषय पाच मिनिटांत संपतो.

कुठलं काम

काम निवडताना तीन कसोट्या लावा. रोज तेच असावं. संपलं की संपल्याचं डोळ्यांना दिसावं. आणि ते झालं नाही तर खरोखर अडावं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. केलेलं काम मागाहून कुणीतरी गुपचूप पुन्हा करतंय, हे त्याला लगेच कळतं.

दूर्वांच्या जुड्या, निरांजनात वाती घालणं, प्रसादाचे द्रोण भरणं, महाप्रसादाची कुपनं गोळा करणं, चपलांचे टोकन देणं, पाण्याचे ग्लास फिरवणं, आरतीला टाळ धरणं, ही कामं बसतात. वर्गणीची रोकड आणि गेटवर गाड्या अडवणं ही सुरुवातीला नकोत. तिथे लोक हुज्जत घालतात आणि क्षणात निर्णय घ्यावा लागतो. माईकवर बोलायची त्याची इच्छा असेल तर जरूर द्या, पण दोन वाक्यं मोठ्या ठळक अक्षरांत कागदावर, आणि आधी चार वेळा सराव.

जोडीला दोन जण ठरवा, साधारण त्याच्याच वयाचे. एक आजारी पडला तर दुसरा असतो. काकू किंवा मावशी जोडीदार झाल्या की काम बाजूला राहतं आणि सांभाळणं सुरू होतं.

एक काम जवळून: २१ दूर्वांची जुडी

तीन आठवडे आधी, रविवार सकाळ धरून, रोज अर्धा तास सराव ठेवा. गणपती बसल्यावर शिकवायला कुणालाच वेळ नसतो.

बैठक आधी नीट करा. खुर्चीवर बसल्यावर पाय लटकत असतील तर खाली पाट ठेवा. पाय अधांतरी असले की कंबर आणि पाठ धरून ठेवण्यातच ताकद जाते आणि बोटांना काही उरत नाही. उंची कमी असल्याने हे नेहमी होतं आणि नेहमी नजरेतून सुटतं. टेबल कोपराच्या उंचीला हवं. उजेड समोरून किंवा वरून, डोळ्यांवर नको.

पांढऱ्या पुठ्ठ्यावर जाड काळ्या मार्करने २१ घरं आखा, सात-सातच्या तीन ओळी. दूर्वा निवडून, धुऊन, ओल्या फडक्यात ठेवा. मग क्रम असा:

१. फडक्यातून एक दूर्वा घ्यायची.
२. एका घरात ठेवायची, देठ आपल्याकडे.
३. सगळी घरं भरली की दूर्वा गोळा करायच्या.
४. देठं टेबलावर हलकेच ठोकून सारखी करायची.
५. रबर लावायचं.
६. जुडी परडीत ठेवायची.

यात २१ मोजावं लागत नाही, घर रिकामं दिसतं की भरलेलं, एवढंच. मोजता येत नाही म्हणून ज्याला आजवर बाजूला ठेवलं, तो अचूक २१ ची जुडी बांधतो.

शिकवताना शेवटून सुरुवात करा. पहिल्या दिवशी एक ते पाच तुम्ही करा, जुडी परडीत ठेवायची त्याने. दुसऱ्या दिवशी पाच आणि सहा त्याने. असं मागे मागे या. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर तो मध्येच अडकतो, शेवट तुम्ही करता आणि प्रत्येक जुडी तुमची होते. शेवटून शिकवलं की प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं.

गाडं अडतं ते पाचव्या पायरीला. बोटं आखूड, पकड सैल, दूर्वा ओली. अशा वेळी गाठ मारायला लावू नका. दीड-दोन इंच लांबीचा प्लास्टिक पाईपचा तुकडा घ्या, कडा घासून गुळगुळीत करा आणि त्याच्यावर आधीच रबर दोन वेढे देऊन चढवून ठेवा. देठं पाईपमधून पार करायची आणि रबर देठांवर सरकवून पाईप ओढून घ्यायचा. असे दहा तुकडे तयार ठेवले की सकाळची सोय होते.

प्रत्येक पायरीचा फोटो काढा, त्याच्याच हातांचा, त्याच पुठ्ठ्यावर. सहा फोटो एका पट्टीवर छापून झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून घ्या. चकचकीत लॅमिनेशन ट्यूबलाइटखाली चमकतं आणि चित्र दिसत नाही, तेव्हा मॅट मिळालं तर तेच घ्या.

मदत कमी करत जाणं हे शिकवण्याचं अर्धं काम आहे. आधी हाताला हात लावून, मग नुसतं बोट दाखवून, मग फोटोकडे बोट दाखवून, मग लांब बसून. तोंडाने "आता हे, आता ते" सांगत राहू नका. माणूस त्या आवाजावर विसंबायला लागतो आणि आवाज थांबला की हातही थांबतात. वीस-पंचवीस मिनिटांनी सुट्टी. रोजचं लक्ष्य आकड्यात ठेवा: सकाळी पाच जुड्या, संध्याकाळी पाच.

बोलताना

एका वेळी एकच गोष्ट सांगा. "ते ताट ठेव आणि वरून हळद आणून काकूंना दे" यात तीन कामं आहेत. त्यातलं एक होईल, आणि दोष त्याच्यावर येईल.

सांगितल्यावर मनात दहापर्यंत मोजा. हे वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. तिसऱ्या सेकंदाला आपण प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो आणि त्याला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

त्याचं बोलणं कळलं नाही तर मान डोलावू नका. "नीट कळलं नाही, पुन्हा सांग, नाहीतर दाखव" म्हणा. खोटी मान डोलावलेली ओळखू येते.

तो स्वतःशी बोलताना दिसेल. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक तरुणांत हे आढळतं. दिवसभरात काय झालं, पुढे काय करायचं, ते तो असं मनाशी लावत असतो. मुलं हसली तर त्यांना हे सांगा. मात्र एरवी बोलका असणारा अचानक गप्प झाला, कामातून अंग काढायला लागला, झोप-भूक बदलली, तर 'डाऊनमुळेच' म्हणून सोडू नका. कान, थायरॉईड, झोपेतला श्वास, नैराश्य, हे सगळं तपासण्यासारखं आणि उपचार होण्यासारखं आहे.

हाक कशी मारायची हेही ठरवा. चोवीस वर्षांच्या माणसाला 'बाळा' नको. बरोबरीचे त्याला नावाने, अरे-तुरे करतात तसंच. पण इमारतीतल्या लहान मुलांनी 'दादा' म्हणायलाच हवं, जसं ती इतर मोठ्या मुलांना म्हणतात. हे तुम्ही स्वतः दोन दिवस त्यांच्यासमोर "दादाकडून ग्लास घे" म्हणालात की आपोआप बसतं. 'देवाचं लेकरू', 'बिचारा', 'मतिमंद' हे शब्द मांडवाबाहेर ठेवा. मिठी मारायचा नियमही सगळ्यांना एकच: ओळखीच्यांना नमस्कार किंवा टाळी, अनोळखी बाईमाणसांना मिठी नाही, आणि त्यालाही कुणी परवानगीशिवाय कुरवाळायचं नाही.

टी-शर्ट आणि बिल्ला इतरांसारखाच, त्याच मिटिंगमध्ये, सगळ्यांबरोबर द्या. स्पर्धेत भाग घेतला तर वेगळं 'उत्तेजनार्थ' बक्षीस काढू नका. फोटो टाकायचा असेल तर त्याला दाखवून विचारा.

पेढ्यांचं एक सांगायलाच हवं. प्रेमापोटी येणारा-जाणारा प्रत्येक जण एकेक पेढा हातावर ठेवतो आणि आरतीपर्यंत आठ-दहा होतात. वजन वाढणं आणि थायरॉईड या दोन्हींचा त्रास या मुलांत जास्त असतो. "त्याचा प्रसाद आरतीनंतर, सगळ्यांबरोबर" एवढी पाटी पुरते.

आरती, आवाज आणि अडून बसणं

आरतीला त्याला स्पीकरच्या बाजूला उभं करू नका. टाळ हातात असला तर शब्द अस्पष्ट आले तरी ताल सापडतो, आणि आरतीला ताल धरणारा माणूस हवाच असतो. ढोल-ताशा असेल तर नागदेवी स्ट्रीटला कामगारांच्या सुरक्षा-साहित्याच्या दुकानांत कानांवर बसणारे इअरमफ मिळतात. सरावाच्या दिवसांतच घालायची सवय करा. कानाचं यंत्र असेल तर आवाजाच्या वेळी काय करायचं ते घरच्यांना विचारून ठेवा.

वेळ बदलली की ताण येतो. आठची आरती पाहुण्यांसाठी साडेआठला गेली तर फक्त "थांब" म्हणू नका. "पाहुणे आले की घंटा, मग आरती. तोवर वाती घाल" असं सांगा. वीस मिनिटं, दहा मिनिटं, पाच मिनिटं अशी आधी सूचना मिळाली की काम सोडून उठणंही सोपं जातं.

तरी एखाद्या वेळी तो जमिनीवर बसेल आणि उठणार नाही. हट्ट म्हणून बघू नका. दमणूक, गोंगाट, अचानक बदल किंवा न कळलेली सूचना यांपैकी काहीतरी असतं. हात धरून ओढू नका. खांदा, कोपर निखळू शकतो आणि मानेला हिसका बसू शकतो. गर्दी पांगवा. एकाच जोडीदाराने त्याच्याशेजारी खाली बसावं, दोन मिनिटं काही बोलू नये. मग दोन पर्याय: "पाणी पिऊन उठायचं की इथंच पाच मिनिटं बसायचं?" सहा जण भोवती उभे राहून समजावत असले की अर्धा तास जातो. एकटा शेजारी बसला तर बहुतेकदा पाच-सात मिनिटांत सुटतं.

विसर्जन

दुपारीच ठरवा: तो कुठपर्यंत येणार आणि परत कुणाबरोबर. गिरगाव चौपाटी किंवा दादरच्या गर्दीत शेवटपर्यंत नेण्याचा आग्रह धरू नका. पालिकेच्या जवळच्या कृत्रिम तलावापर्यंतची मिरवणूक असेल तर पूर्ण जाता येतं. लांबची असेल तर वाटेतलं एखादं ओळखीचं ठिकाण ठरवा, तिथून एक जोडीदार आणि तो घरी परत. सगळ्यांसमोर अचानक "आता तू घरी जा" ऐकावं लागणं फार लागतं. आधी ठरलेलं असलं की तो स्वतःच म्हणतो, "माझी ड्युटी संपली."

पायात मागे पट्टा असलेले, घट्ट बसणारे बूट हवेत, कारण तळवे सपाट असतात आणि ओल्या रस्त्यावर स्लिपर सटकते. पाण्याची बाटली त्याची वेगळी. निघण्यापूर्वी आणि वाटेत शौचालय कुठे, ते आधी बघून ठेवा. खिशात नाव, दोन फोन नंबर आणि औषधांची माहिती असलेलं कार्ड, सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांना मिळणाऱ्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स, मूळ प्रत घरी. त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो निघतानाच दोन्ही जोडीदारांच्या फोनमध्ये असू दे. चुकामूक झाली तर जागेवरच थांबायचं आणि पोलिसांना कार्ड दाखवायचं, हे सरावात तीन-चार वेळा खरोखर करून बघा. तुमच्या बाजूने ११२ ला फोन करायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वाट बघू नका.

दुसऱ्या दिवसापासून

मांडव सोडवण्याच्या दिवशी त्यालाही बोलवा. पताका उतरवून गुंडाळणं, पाट पुसून ठेवणं, दूर्वांचा पुठ्ठा आणि पाईपचे तुकडे पिशवीत भरून 'पुढच्या वर्षी' असं लिहून कपाटात ठेवणं. हिशेबाच्या मिटिंगमध्ये त्याला खुर्ची द्या आणि जुड्यांचा आकडा त्यालाच सांगू दे.

मग गणपतीबाहेरचं एक काम शोधा, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. नोटीस बोर्डावरचे जुने कागद काढून नवे लावणं, वाचनालयाची पुस्तकं जागेवर ठेवणं, संध्याकाळच्या बॅडमिंटनला जाळी बांधणं. ज्या कामाचे सोसायटी इतर कुणाला पैसे देते, त्याचे त्यालाही तेवढेच द्या. जोडीदारांपैकी एकाने तरी महिनाभर त्या वारी खाली यावं, नंतर एक आठवडा सोडून एक, नंतर फक्त खिडकीतून हात करावा.

आणि कोजागरीची यादी निघेल तेव्हा दूध आटवायला कोण, ग्लास मांडायला कोण, हे लिहिताना त्याचं नाव इतरांबरोबर पहिल्याच कागदावर असू दे. गरम पातेल्याजवळ नको. ग्लास मांडायला पांढऱ्या कागदावर तळाएवढी वर्तुळं आखून टेबलावर चिकटवा, एका वर्तुळावर एक ग्लास. साठ माणसं असतील तर साठ वर्तुळं.